काठी झकास फिरते, पण कोणी कॉलर धरली तर? लाठीकाठी-कराटे खऱ्या वेळेला उपयोगी पडावं म्हणून काय करायचं

आधी माझीच फजिती सांगतो. गणपतीचे दिवस, एसटी स्टँडवर मरणाची गर्दी, चाकरमान्यांच्या बॅगांचे डोंगर, आणि कोणाची तरी बॅग कोणाच्या तरी पायावर पडली म्हणून एका पिऊन आलेल्या माणसाने माझी कॉलर धरली. मी तेव्हा कराटेचा ब्लॅक बेल्ट, वर नऊ-दहा वर्षं लाठीकाठी, शिवजयंतीच्या मिरवणुकीत दोन हातांत दोन काठ्या फिरवणारा. केलं काय मी? काही नाही. हात खाली लोंबत राहिले, तोंडातून "अहो, अहो" एवढंच निघालं, आणि शेवटी लिंबू सरबतवाल्या काकांनी येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. घरी येईपर्यंत पाय थरथरत होते, आणि त्यापेक्षा जास्त लाज.

दुसरा धडा त्याच वर्षी किनाऱ्यावर मिळाला. आमच्या वाडीत, मालवणपासून थोडं पुढे, संध्याकाळी वाळूत पोरांना काठी शिकवत होतो. रापणीवरून (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) परत येणारे एक आजोबा बघत उभे राहिले, सत्तरीचे तरी असतील, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "काठी बरी फिरवतंस रे झिला. आता माका मारून दाखय बघू." पोरं हसायला लागली. मी आपला मान राखून हळूच डोक्यावरून फिरवून आणली, तेवढ्यात म्हातारा दोन पावलं आत आला, माझ्या काठीच्या आतल्या बाजूला, आणि तळहात छातीवर टेकून नुसता ढकलला. बसलो की मी वाळूत. वर म्हणतात कसे, "काठी फिरवूक वेळ कोण देतलो तुका?"

सगळा प्रॉब्लेम या एका वाक्यात आहे. आपण जे शिकतो त्यात समोरचा माणूस नसतो, किंवा असला तरी तो आपलं ऐकणारा असतो. लाठीचे हात, म्हणजे काठी फिरवायचे ठरलेले प्रकार, आपण हवेत करतो, कराटेतला काता, म्हणजे ठरलेल्या डावांची माळ, हवेत करतो, जोडीत करायचं म्हटलं तर समोरचा एक पाऊल टाकून मूठ पुढे करून पुतळ्यासारखा थांबतो. यात कुठल्या विद्येला नावं ठेवायची नाहीत. आज हॉलमध्ये रांगेत उभं करून जे कराटे शिकवतात त्याचा मोठा भाग ओकिनावातल्या शाळांसाठी बेतलेला आहे, इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळेत नेलं, एका वेळी पन्नास मुलांना शिकवता यावं, शरीर तयार व्हावं म्हणून. आपल्या मर्दानी खेळातही आता प्रात्यक्षिकाचाच भाग जास्त उरलाय. आणि ते बघायला छान असतं, मी अजूनही करतो! फक्त त्यालाच सेल्फ डिफेन्स समजायचं नाही.

यावर उपाय जुनाच आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत एका देवळाच्या छोट्या खोलीत ज्युडो सुरू केला, तेव्हा त्यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले डोळे फोडणारे, हाड मोडणारे डाव बाजूला काढले आणि जे उरलं ते पोरांना एकमेकांवर रोज पूर्ण ताकदीने करायला लावलं. थोडेच डाव, पण खऱ्या विरोधाविरुद्ध हजारदा केलेले. आपल्या कुस्तीच्या तालमीत तर हे कायमच होतं, तिथे लढत झाल्याशिवाय दिवस सुटत नाही. आणि हसू नका, पण कोकणातल्या वाडीवाडीत हे फुकट मिळतं, त्याचं नाव कबड्डी. चार जणांनी घोटा, मांडी, कंबर धरलेली असताना स्वतःला ओढून काढायला मी मैदानात जेवढं शिकलो तेवढं बेल्टच्या एकाही परीक्षेत शिकलो नाही. तुमच्या क्लासमध्ये स्पारिंग (जोडीदाराशी मोकळी लढत) होत नसेल तर रविवारी कबड्डीला जा, खरंच सांगतोय.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिलं म्हणजे कशासाठी तयारी करतोय ते ठरवा. आपल्या भागात निंजा येत नाहीत. शेवटच्या गाडीने उतरून अंधारात घरी चालत जाणं, जत्रेत-दशावताराला दारू प्यायलेला कोणीतरी अंगावर येणं, गाडी लावण्यावरून धक्काबुक्की, गर्दीत हात लावणारा, आणि सगळ्यात जास्त वेळा, भटकी कुत्री. (गवा रेडा समोर आला तर काठी-बिठी विसरा, मागे मागे सरकत झाडाआड व्हा.) या प्रत्येकाची सुरुवात बघा, बोलण्यातून होते, मग अंगावर येतो, मग ढकलतो किंवा धरतो. म्हणजे पहिले दोन-तीन सेकंद महत्त्वाचे, आणि नेमकी त्यांचीच प्रॅक्टिस आपण कधी करत नाही.

म्हणून सुरुवात हात वर करण्यापासून. दोन्ही तळहात उघडे, छातीच्या उंचीवर, कोपरं अंगाजवळ, एक पाय थोडा मागे. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस "जाऊ दे ना" म्हणतोय, पण हात तोंडाच्या वाटेवर आहेत. समोरच्याने हात लांब केला तरी आपल्याला लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं, तो पुढे आला की आपण तिरकं मागे, सरळ मागे नाही, सरळ मागे गेलं की पाठ गडग्याला (दगडी कुंपणाला) लागते. आणि मोठ्याने, "थांब! मागे हो!" हे बोलायची प्रॅक्टिस करावीच लागते. आमच्याकडे एक मुलगी होती, पंच असा की पॅड धरणाऱ्याचा हात झिणझिणायचा, पण ओरडायचं म्हटलं की, "सर, मला लाज वाटते." मी म्हटलं, परसवात गुरं शिरली की कशी ओरडतेस? तशी ओरड. पहिल्यांदा ओरडली तेव्हा शेजारच्या घरातून दोन बायका धावत आल्या, म्हणजे जमलं होतं. ओरडण्याचा फायदा असा की श्वास सुटतो, नाहीतर घाबरल्यावर आपण श्वास धरून ठेवतो आणि अंग लाकूड होतं.

मग येतं ढकलणं. पार्टनरने दोन्ही हातांनी छातीवर ढकलायचं, खरंखुरं, आणि तुम्ही पडायचं नाही, तिरकं सरकून हात परत वर आणायचे. असं वीस वेळा. रापण ओढणाऱ्यांना बघितलंय का कधी? दोरी हातात असते पण ओढतात कंबरेने, ढुंगण खाली, टाचा वाळूत रुतलेल्या. ते आजोबा मला एका हाताने बसवू शकले ते त्यामुळेच. आमचा झेनकुत्सू-दाची, म्हणजे कराटेतला पुढचा गुडघा वाकवलेला पवित्रा, दिसायला लांबलचक आणि सुंदर, पण धक्का बसला की पहिला तोच मोडतो, त्याला थोडा आखूड करा, गुडघे सैल ठेवा.

कॉलर धरली तर काय, हे जरा सविस्तर सांगतो कारण माझं जुनं दुखणं आहे. लोकांचं लक्ष धरलेल्या हाताकडे जातं, तेच चुकतं. धरलेला हात मारत नाही, मारतो तो दुसरा, मोकळा हात. म्हणून सगळ्यात आधी हनुवटी खाली आणि एक हात गालाजवळ. दुसऱ्या हाताने त्याची मूठ आपल्या छातीवरच दाबून धरायची, सोडवायची नाही, उलट पक्की चिकटवायची. मग कंबर फिरवून, एक पाऊल बाजूला टाकत, गालाजवळचा हात त्याच्या कोपराच्या आतल्या वळणावर वरून खाली आणायचा, मनगट ते कोपर यामधलं हाड वापरून, अख्खं वजन टाकून. त्याचं कोपर वाकतं, डोकं पुढे येतं, तोल जातो. तिथे तळहाताचा एक दणका आणि ढकलून निघायचं. लाठीचा वरून मारायचा हात आठवा, हीच हालचाल आहे, फक्त काठी नाही. कराटेत हातांचे जे ब्लॉक म्हणून शिकवतात त्यातले बरेचसे असेच पकड सोडवायला चांगले चालतात, एकदा पार्टनरला कॉलर धरायला लावून करून बघा, मग काता करताना डोळ्यांपुढे माणूस दिसायला लागतो.

मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने सुटायचं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण पकडीत चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकटा. पण पार्टनर दयाळू असतो म्हणून ते सुटतं. त्याला सांगा, जीव गेला तरी सोडू नकोस, आणि मग करून बघा. नव्वद टक्के लोकांचं अडतं कारण ते नुसता हात ओढतात. हात जागेवर ठेवून आपलं कोपर त्याच्याकडे न्यायचं, अंग आत घालायचं, मग अंगठ्याच्या फटीतून हात वर निघतो. तरी नाही निघाला तर नडगीवर लाथ, मग निघतो.

आता लाठी. पाच फुटी काठी घेऊन एसटीत कोण बसणार, म्हणून लोक म्हणतात लाठीचा सेल्फ डिफेन्सला उपयोग नाही. उपयोग आहे, पण फिरवण्याचा नाही. आमच्याकडच्या पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) चालून बघा, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर माडाच्या झावळ्या, काठी आडवी धरायलाही जागा नसते. तिथे काठी मधोमध दोन हातांत धरायची आणि टोकाने सरळ ढोसायचं, पोटात, छातीच्या खाली, आणि लगेच मागे घ्यायची, नाहीतर तो धरतो. दुसरा मार म्हणजे हातावर किंवा मांडीवर, आखूड. तिसरं, काठी आडवी करून दोन्ही हातांनी ढकलणं. एवढे तीन पुरेत. आणि हेच तीन लांब दांड्याच्या काळ्या छत्रीने होतात, जी पावसाळ्यातले चार महिने तुमच्या हातात असतेच! घडीच्या छत्रीचा काही उपयोग नाही, ती वाऱ्याला उलटते तिथे माणसाला काय थांबवणार. छत्री मारायची नसते, काड्या मोडतात, ढोसायची. कुत्र्यांसाठी काठी किंवा छत्री खाली, आपल्या पुढ्यात जमिनीजवळ धरायची, पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही, हळूहळू बाजूने निघायचं.

दांडपट्ट्याबद्दल पोरं विचारतात. राज्य सरकारने 2024 मध्ये त्याला राज्यशस्त्र जाहीर केल्यापासून जास्तच. शिका, जरूर शिका, त्याची मूठ कोपरापर्यंत हाताला झाकते म्हणून मनगट वळतच नाही, सगळं खांद्यातून आणि कंबरेतून काढावं लागतं, त्याने अंग असं मोकळं होतं की तुमचा पंचही सुधारतो. पण तो रस्त्यावर न्यायचा नाही, कोयता-चाकू पण नाही. आमच्याकडे माडावर चढणाऱ्यांच्या कंबरेला आकडीत कोयती असते ते कामाचं हत्यार, तुम्ही भांडणात काढलंत की केस तुमच्यावर. तसंही 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी पट्टा चालवणाऱ्याबद्दल आपण म्हणतो काय? "होता जिवा म्हणून वाचला शिवा." जिवा सोबत होता म्हणून. रात्री उशिरा उतरणार असाल तर कोणाला तरी स्टॉपवर बोलवा, हा सगळ्यात स्वस्त डाव.

समोरच्याने चाकू काढला तर? पाकीट द्या, मोबाईल द्या, फेका लांब, आणि उलट्या बाजूला पळा. चाकू हिसकावण्याचे जे व्हिडिओ असतात त्याची परीक्षा घरी घेता येते, पार्टनरच्या हातात मार्कर पेन द्या, दोघांनी जुने पांढरे बनियन घाला, त्याला सांगा वाट्टेल तसा मार. मी हे केलं तेव्हा बनियनवर अकरा रेघा होत्या, त्यातली एक मानेजवळ.

प्रॅक्टिस कशी वाढवायची ते सांगतो. पहिले दोन आठवडे पार्टनर फक्त तीस टक्के जोर लावणार आणि सांगून धरणार. मग सांगायचं बंद, कॉलर, मनगट, केस, मागून मिठी, काय पण. मग जोर वाढवायचा. त्यानंतर दमवून करायचं: वीस जोर, तीस बैठका, लगेच डोळे मिटून उभं राहायचं, शिट्टी वाजली की डोळे उघडायचे आणि कोणीतरी आधीच अंगावर आलेलं असेल. कारण घाबरल्यावर छाती धडधडते, हात कापतात, बोटांची बारीक कामं होत नाहीत, नजर एका ठिकाणी चिकटते. दमल्यावर साधारण तसंच होतं. बोट पिरगाळायचे नाजूक डाव तिथे गळून पडतात आणि मोठे मोठे ढोबळ तेवढे शिल्लक राहतात, तेच आपले. सगळे मिळून सहा-सात डाव झाले तरी भरपूर आहेत. आणि प्रत्येक ड्रिलच्या शेवटी पन्नास पावलं जोरात पळायचं, न चुकता, नाहीतर डाव झाला की उभं राहून बघायची सवय लागते. पळताना मागे बघायचं, तो एकटाच होता का ते.

जमिनीवर पडल्यावर उठायचंही शिका. एक हात मागे टेकवायचा, त्या हाताच्या उलट बाजूचा पाय जमिनीत रोवायचा, दुसरा पाय अंगावर येणाऱ्याकडे लाथेसाठी, ढुंगण उचलून पाय मागे ओढून घ्यायचा, तोंड कायम त्याच्याकडे. कुस्तीवाल्यांसाठी एक गोष्ट, पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली नेणं मातीत छान, जांभ्याच्या चिऱ्यांवर तुमचे गुडघे आधी फुटतात आणि त्याचा मित्र वरून लाथ मारतो. उभे राहा.

वाळूतल्या प्रॅक्टिसबद्दल पण लिहितो, कारण आमच्याकडे सगळे तिथेच करतात. सुकी वाळू पोटऱ्या तयार करते, पडायला बरी, पण पाय सरकवायची खोड लावते. भरतीच्या रेषेजवळची ओली कडक वाळू चांगली. आठवड्यातून एकदा तरी खळ्यात किंवा डांबरी रस्त्यावर, रोजच्या कपड्यांत, चपला घालून, बॅग पाठीला लावून करा. आषाढात शेवाळ धरलेल्या पाखाडीवर एकदा गुडघ्याच्या वर लाथ मारून बघा म्हणजे उंच किक डोक्यातून कायमची जाईल. बघा म्हणजे खरंच बघू नका, मी बघितलंय, माकडहाड महिनाभर दुखत होतं.

सामान फार लागत नाही. आपल्याकडची माणग्याची (माणगा हा बांबूचा प्रकार) काठी जवळजवळ भरीव असते, हाताच्या प्रॅक्टिसला त्याच्यासारखी नाही, पण तिने स्पारिंग करायचं नाही, हाड मोडेल. त्यासाठी वायरिंगचा पातळ पीव्हीसी पाइप चार फूट, त्यावर एसीच्या पाइपला घालतात तो काळा फोम, वरून टेप, आणि दोन्ही टोकांना मुठीएवढी जाड गादी. डोक्याला जाळीवाला क्रिकेट हेल्मेट, दातांना माउथगार्ड, हातमोजे. सोळा वर्षांखालच्या पोरांना डोक्यावर मार नाहीच, हेल्मेट असला तरी. "बस" म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, जो थांबत नाही त्याला घरी पाठवायचं, कितीही जुना असला तरी.

कायद्याचं थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीरासाठी. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागतं त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे त्याने कॉलर धरली, तुम्ही सोडवून ढकललं, ठीक. तो पडला, आणि तुम्ही वरून काठीने डोक्यात घातलं, तर आता गुन्हेगार तुम्ही. पळणाऱ्याच्या मागे धावून मारलंत तरी तेच. लाठी डोक्यात मारायची नाही असं मी पोरांना रोज सांगतो ते यासाठीही, बांबूचा एक घाव कवटीला पुरतो. निसटलात की 112 लावा, आणि पत्ता सांगताना "आमच्या वाडीत" असं नाही, जवळचं देऊळ, शाळा, तिठा काहीतरी सांगा, तिकडे फोन घेणाऱ्याला तुमची वाडी माहीत नसते.

आठवड्याला तीन दिवस, अर्धा तास. दहा मिनिटं जुने हात, काता, जे तुमचं आहे ते, ते सोडायचं नाही, अंगाचं वळण तिथूनच येतं. उरलेली वीस मिनिटं पार्टनरसोबत ओढाताण. पहिल्या पंधरा दिवसांत दंडावर काळेनिळे डाग उठतील, घरी आई विचारेल कोणाशी भांडून आलास, खरं सांगा, आंबेहळद उगाळून लावा आणि बुधवारी परत या.